नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठी मितनदेव होताना



१ सप्टेंबरला शाळा सुरू होतात. पाठोपाठ तिश्रीचे सण येतात, आणि सुक्कोथ आटोपले की शाळा, मतनास आणि तनुआत नोआरच्या शाखा खऱ्या अर्थाने कामाला लागतात. याच सुमारास मोठ्या वयाच्या मितनदवीमची, म्हणजे स्वयंसेवकांची, विचारणा सुरू होते. आपल्यापैकी बरेच जण ती सूचना वाचतात आणि पुढे जातात. कारणे ठरलेली असतात. हिब्रू शुद्ध नाही. गुडघे दुखतात. आजकालची मुले ऐकत नाहीत. आणि सर्वांत खोलवरचे कारण म्हणजे, आपल्या स्वतःच्या नातवंडांशी बोलताना शब्द सापडत नाहीत, तिथे परक्यांच्या मुलांना आपण काय देणार?

आम्ही काही निवृत्त शिक्षक गेली काही वर्षे या कामात आहोत. हे काम कसे असते, त्यात शिरायचे कसे आणि कोणत्या गोष्टी सांभाळायच्या, हे आपल्या भाषेत एकदा नीट सांगावे म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. भारतात आपण शाळेत असताना मुलांची शिस्त म्हणजे कवायतीचे मास्तर, गळ्यात शिट्टी, मैदानावर रांगा. स्काउट असो, एनसीसी असो की राष्ट्र सेवा दलाची शाखा असो, पुढे उभा राहणारा माणूस बहुधा मोठा असे. इथली पद्धत पाहून आपल्या माणसाला पहिल्यांदा धक्काच बसतो. चौथी-पाचवीच्या वीस-पंचवीस मुलांपुढे अकरावीतली एक मुलगी उभी असते. तीच खेळ ठरवते, तीच भांडण सोडवते, तीच तियुलला कोण काय आणणार याची यादी करते. ती मद्रिखा. मोठे माणूस दिसतच नाही.

याचे मूळ स्काउट चळवळीत आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले तेव्हाच मुलांच्या लहान तुकड्या करून प्रत्येक तुकडीवर मुलांपैकीच एक जण नेमला होता. या देशातली त्सोफीम चळवळ १९१९ साली सुरू झाली, हनोआर हाओवेद १९२४ साली, बने अकीवा १९२९ साली. विचार वेगवेगळे, पण मुलांनीच मुलांना चालवायचे ही रीत सर्वांनी उचलली आणि इंग्रजांपेक्षा पुढे नेली. साधारणपणे चौथीपासून मूल खनीख असते, नववीत त्याला तयार करतात आणि दहावीपासून ते स्वतः मद्रिख होते. पुढे सैन्यात गेल्यावर या सवयीचा उपयोग होतो, हे वेगळे सांगायला नको.

मग मोठ्यांचे काम काय? मुलांच्या मागे उभे राहण्याचे. पालकांची समिती, संयोजक, स्वयंसेवक ही सगळी माणसे मागच्या रांगेत असतात. आम्हा शिक्षकांना हे जड जाते. खोलीत गोंधळ दिसला की हात आपोआप टेबलावर आपटायला उठतो. पण ती सोळा वर्षांची मद्रिखा गोंधळ आवरत असताना आपण मध्ये पडलो, तर त्या वीस मुलांपुढे तिची किंमत गेली. ती आवरायला शिकते आहे, तेच तिथले शिक्षण आहे. तिला नंतर, एकटी असताना, चहाच्या वेळी दोन शब्द सांगावेत, तेही तिने विचारले तर. कोणी पडले, कोणाला लागले, मारामारी झाली, तर मात्र वाट पाहू नये.

आणखी एका गोष्टीची सवय करावी लागते. इथे मुले शिक्षकांनाही नावाने हाक मारतात. आपण गुरुजी, बाई, निदान काका-मावशी ऐकत आलो. बारा वर्षांचा मुलगा आपल्याला एकेरी नावाने बोलावतो तेव्हा कान जरा दुखतो. त्यात अनादर नाही. काही मुले आपण होऊन सावता किंवा साबा म्हणू लागतात, ते मात्र मिळवावे लागते.

आता आपल्या वयाला झेपेल असे काम कोणते, ते पाहू. तियुलमध्ये डोंगर चढायला आपल्याला कोणी सांगत नाही. तीन जागा आम्हाला विशेष योग्य वाटतात.

पहिली जागा मोआदोनीत. शाळा सुटल्यावर ज्या मुलांना घरी बघणारे कोणी नसते किंवा घरची परिस्थिती कठीण असते, त्यांच्यासाठी हे दुपारचे घर असते. गरम जेवण, गृहपाठ, खेळ. तिथे मुलाशेजारी बसून त्याचा अभ्यास घेणारे माणूस कायम कमी पडते. हिब्रू कच्ची असली तरी गणित सर्वत्र तेच आहे, आणि ज्यांनी पावकी-निमकी पाठ केली त्यांना सातवीच्या अपूर्णांकांचे भय वाटू नये. इंग्रजीचे तर विचारूच नका. बगरूतला इंग्रजी तीन, चार की पाच येखिदोतची घेतली यावर मुलाचा पुढचा बराच मार्ग ठरतो, आणि सधन घरची मुले त्यासाठी खासगी शिकवणी लावतात. दीमोना, लोद, रामला, अश्दोद इथल्या आपल्या कितीतरी घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर वाढलेली, मुंबईत ऑफिसांत इंग्रजी पत्रे टाइप केलेली माणसे बसून आहेत. त्यांचे इंग्रजी कोणाच्या उपयोगी पडत नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरी जागा मतनास. हे नाव आपण रोज घेतो, पण ते तरबूत, नोआर आणि स्पोर्त या शब्दांवरून बनले आहे हे किती जणांच्या लक्षात असते? नोआर त्याच्या नावातच बसलेला आहे. तिथे शिवणकाम, स्वयंपाक, बुद्धिबळ, कॅरम, सुतारकाम, जे आपल्या हाताला येते त्याला जागा मिळू शकते. यावर अधिक लिहीत नाही. आपापल्या गावी चौकशी करावी.

तिसऱ्या जागेबद्दल मात्र सविस्तर लिहायचे आहे. तिचे नाव हकेशेर हरव-दोरी, म्हणजे पिढ्यापिढ्यांमधला दुवा. शिक्षण मंत्रालय आणि तेल अवीवचे अनू संग्रहालय, ज्याला आपण बेत हतफुत्सोत म्हणून ओळखत होतो, यांचा हा उपक्रम आहे. शाळेतल्या एका मुलाची एका वृद्ध व्यक्तीशी जोडी लावतात. वर्षभरात अनेकदा भेटी होतात. मूल आपल्याला संगणक आणि फोन वापरायला मदत करते, आपण त्याला आपली हकिकत सांगतो, मूल ती हिब्रूत लिहून काढते, जुने फोटो जोडते, आणि ती संग्रहालयाच्या ओत्सार हमोरेशेत या संग्रहात कायमची ठेवली जाते. लेखाच्या शेवटी एक छोटा शब्दकोश असतो. कथेत आलेला घरच्या भाषेतला शब्द आणि त्याचा अर्थ तिथे लिहितात.

आपल्या मराठीच्या दृष्टीने याचा विचार करा. मलिदा, घाणा, शनवार तेली, पोहे, नवगाव, रेवदंडा. हे शब्द आपल्यानंतर कोण सांगणार? आपली मुले अर्धे समजतात, नातवंडांना त्यांचा नाद माहीत आहे, अर्थ नाही. इथे एक बारा वर्षांचे मूल, कदाचित मोरोक्कोच्या किंवा रशियाच्या घरातले, ते शब्द हिब्रू अक्षरांत लिहून ठेवते. शब्दाचा उच्चार त्याला तीन-तीनदा विचारावा लागतो, 'ळ' तर काही केल्या येत नाही, आणि त्या खटपटीतच ओळख होते.

काय सांगावे हा प्रश्न पडतो. पूर्ण जन्मकथा सांगू नये, मूल कंटाळते. एक वस्तू घ्यावी. आईचा पितळी डबा, अलियाच्या वेळची पेटी, सिनेगॉगमधला फोटो. त्या वस्तूभोवती गोष्ट आपोआप गोळा होते. शनवार तेली हे नाव का पडले ते सांगितले तर मुलाला चटकन कळते. आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी दिलेले ते नाव. शब्बाथ म्हणजे काय हे या देशातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. पण कोकणात, दुसरे कोणी यहुदी आसपास नसताना, शेकडो वर्षे तो पाळला गेला, हे ऐकून ते थांबते.

ज्यांना आठवत असेल त्यांनी १९६४ बद्दलही सांगावे. आपल्या लोकांच्या विवाहांवर रब्बीनेटने अटी घातल्या, त्याविरुद्ध यरुशलेममध्ये आपल्या स्त्री-पुरुषांनी धरणे धरले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. वर्गातल्या फार थोड्या मुलांच्या कानावर हे आलेले असते. कडवटपणा न आणता सांगावे, पण वगळू नये. ज्या मुलाला स्वतःच्या वर्गात कोणी वेगळे म्हणून चिडवत असेल, त्याला ही गोष्ट कशी लागू पडते हे आम्ही पाहिले आहे.

आता आत शिरण्याची वाट. शाळेच्या कचेरीत, मतनासमध्ये किंवा नगरपालिकेच्या स्वयंसेवक विभागात जाऊन रकेझेतला, म्हणजे संयोजिकेला, भेटावे. ती थोडी विचारपूस करते. काय येते, किती वेळ देता येईल, तब्येत कशी आहे. औषधे, साखर, ऐकू कमी येणे, जे असेल ते स्पष्ट सांगावे. लपवून काही मिळत नाही, आणि सांगितले तर ती जिना नसलेली खोली तरी देते.

पुरुषांना यानंतर पोलिसांचा दाखला मागतात आणि इथे पुष्कळ जण रागावून घरी परत येतात. "पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला चारित्र्याचा दाखला? आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते!" राग समजण्यासारखा आहे. पण हा संशय आपल्यावर नाही. लैंगिक गुन्हा केलेल्या व्यक्तीला मुलांच्या संस्थेत काम देऊ नये असा कायदा २००१ साली झाला आणि तो पगारी माणसाला लागू आहे तसाच बिनपगारी माणसालाही आहे. कायद्याने हा दाखला प्रौढ पुरुषांसाठी आवश्यक केला आहे. ज्या संस्थेने तो मागितला नाही, तिच्याबद्दलच दोन प्रश्न विचारावेत. संगणकावरून किंवा पोलीस ठाण्यावर तेऊदत झेहूत दाखवून तो मिळतो. नातवंडांपैकी कोणाला तरी शेजारी बसवावे, दहा मिनिटांचे काम आहे.

दाखल्याबरोबरच आपले नाव अधिकृतपणे स्वयंसेवक म्हणून नोंदले गेले का ते विचारावे. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत पाठवलेल्या मितनदेवला कामाच्या वेळी किंवा जाता-येता अपघात झाला तर बितुआख लेउमीकडून कामावरच्या अपघातासारखे हक्क मिळतात. नुसतेच ओळखीने जाऊन बसलो, कागद झालाच नाही, तर पाय मोडल्यावर कोणाकडे जाणार? आपल्या लोकांना कागदाचा आग्रह धरणे म्हणजे उद्धटपणा वाटतो. या बाबतीत तो धरावा.

पहिल्याच दिवशी विचारायची दुसरी गोष्ट म्हणजे मामाद किंवा मिकलात कुठे आहे. दक्षिणेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. भोंगा वाजला की मुले धावतात आणि आपल्याला धावता येत नाही. म्हणून बसायची जागा सुरक्षित खोलीच्या जवळची मागून घ्यावी. नाहीतर एखादे मूल आपला हात धरून आपल्या चालीने चालते आणि तेही उघड्यावर राहते.

मुलांबरोबर कसे वागावे याचे नियम प्रत्येक संस्था सांगते. त्यांतले थोडे इथे देतो, कारण आपल्या रीतीशी ते कधी कधी अडतात. मुलाबरोबर बसलेल्या खोलीचे दार उघडे ठेवावे. एकट्या मुलाला गाडीत घेऊ नये, पालकांना आणि रकेझेतला कळवल्याशिवाय घरी बोलावू नये. पैसे देऊ नयेत, सणाचे म्हणूनही नाही. एका मुलाला दिलेले दुसऱ्याच्या डोळ्यांत भरते. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. आणि खाऊ! आपला हात डब्याकडे जातोच. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी आपल्याला निरुपद्रवी वाटते, पण तिळाने आणि शेंगदाण्याने श्वास कोंडणारी मुले या देशात आहेत. न विचारता काही देऊ नये. काशेरचा प्रश्न आहेच.

यापेक्षा फार मोठी गोष्ट पुढे आहे. आठवडेच्या आठवडे एक शांत म्हातारे माणूस शेजारी बसते आणि ऐकते, असे झाले की एखादे दिवशी मूल म्हणते, "तुम्हाला एक सांगतो, पण कोणाला सांगू नका." बहुतेक वेळा ते गुणांबद्दल किंवा मैत्रिणीबद्दल असते. पण कधी ते मारहाणीबद्दल असते, कधी त्याहून वाईट. आपल्या पिढीला घरातले घरात ठेवायला शिकवले गेले. कोणाच्या घरात नाक खुपसू नये, कुटुंबाची अब्रू जाऊ नये, हे आपल्या हाडांत आहे. इथे ते बाजूला ठेवावेच लागते. १९८९ पासून या देशात कायदा आहे. अल्पवयीन मुलाची जबाबदारी असलेल्या माणसाने त्याला इजा केली आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर ते ज्याला कळले त्याने समाजसेवा खात्याच्या अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवलेच पाहिजे. हे बंधन केवळ डॉक्टर-शिक्षकांवर नाही, प्रत्येकावर आहे. पेशाने मुलांची काळजी घेणाऱ्यांना न कळवल्यास शिक्षा अधिक आहे, इतकाच फरक.

म्हणून गुपित ठेवण्याचे वचन आधी देऊच नये. आम्ही असे म्हणतो: "तू सांग, मी ऐकतो. पण कोणी तुला दुखवत असेल तर ते मी एकट्याकडे ठेवू शकणार नाही. तुला मदत करू शकेल अशा माणसाला सांगावे लागेल." मूल कदाचित गप्प बसेल. बहुधा पुढच्या खेपेला बोलते. ते बोलू लागले की उलटतपासणी घेऊ नये, "खरेच का?" असे विचारू नये, वडिलांना फोन तर मुळीच करू नये. त्याने जे शब्द वापरले तेच घरी जाण्यापूर्वी कागदावर उतरवावेत आणि त्याच दिवशी रकेझेतला सांगावे. तिने पुढे कळवले का याची खात्री करावी. नसेल तर स्वतः कळवावे. समाजसेवा खात्याचा फोन ११८, पोलिसांचा १००. हिब्रूत बोलणे जमत नसेल तर कोणा विश्वासू माणसाला बरोबर घ्यावे, मात्र मुलाचे नाव आपल्या बैठकीत, सिनेगॉगच्या ओट्यावर, कुठेही निघता कामा नये. आपला समाज लहान आहे. बातमी अश्दोदहून दीमोनाला शब्बाथ संपायच्या आत पोहोचते, फोन बंद असूनही.

आता वेळेबद्दल. आठवड्यातून एक दुपार, दीड-दोन तास, एवढे पुरते. पण तो दिवस आणि ती वेळ मोडायची नाही. मोआदोनीतमधल्या काही मुलांना मोठ्या माणसांनी आधीच पुष्कळदा फसवलेले असते. येतो म्हणून न आलेला बाप, बदलून गेलेली शिक्षिका. आपण तिसरे होऊ नये. ताप आला तर फोन करून मुलापर्यंत निरोप पोहोचेल असे पाहावे. डिसेंबर-जानेवारीत लग्नांसाठी भारतात जाण्याची आपली रीत आहे, तर ते मुलाला सुरुवातीलाच सांगून कॅलेंडरवर खूण करून दाखवावी, आणि परत आल्यावर त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर दिसावे. वर्षभर जमणार नाही असे वाटत असेल तर जोडीने करायच्या कामाला हात घालू नये. मतनासमधले एखाद्या महिन्याचे काम घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर दोघांनी मिळून जावे. एकाची हिब्रू बरी, दुसऱ्याचे इंग्रजी बरे, असे चालते. नवरा-बायकोने एकाच वर्गात बसू नये, असे मात्र आमचे मत आहे. मुलांपुढे एकमेकांना दुरुस्त करण्याची हौस आवरत नाही.

वर्ष सुरू होऊन गेले असले तरी चौकशी करायला हरकत नाही, हनुक्कानंतरही जागा रिकाम्या होतात. पहिल्या भेटीला तेऊदत झेहूत, नेहमीच्या औषधांची यादी आणि वाचायचा चष्मा बरोबर न्यावा.